पाच किलोचा पहारा

भुंकण्याचेही प्रकार असतात, हे चिंगी आमच्याकडे येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पोस्टमनसाठीचं एक, भाजीवालीसाठीचं एक, रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांना फाटकाच्या आतून शिव्या घालायचं एक. आणि परसात काहीतरी परकं शिरलंय, हे सांगणारं अगदीच वेगळं. ते सुरू झालं की मी हातातलं लाटणं तसंच टाकून मागच्या दाराकडे धावते.

चिंगी म्हणजे पांढरी, झुबकेदार शेपटीची, जेमतेम पाच किलोची कुत्री. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतोय ना? त्याच जातीची. आपण सगळे सरसकट ‘पॉमेरियन’ म्हणतो, पण जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे खरं म्हणजे इंडियन स्पिट्झ. १९९४ साली तो सिनेमा आला तेव्हा मी कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. असं पांढरं पिल्लू आपल्याही घरी असावं, हे तेव्हापासून मनात होतं. घरात मात्र ‘धाकट्याचा हट्ट आहे’ असंच सांगितलं!

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. घर गावाच्या अगदी टोकाला. मागे परस, परसात शेवगा, लिंबू, कढीपत्ता, धुण्याचा दगड, बंबासाठी रचून ठेवलेलं सरपण आणि कोंबड्यांचं खुराडं. त्यापुढे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे नजर जाईल तिथवर ऊस. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर. माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.” त्यामुळे चिंगीचा संसार परसातच मांडला गेला, आणि परसाची ती मालकीणच झाली.

पहिली गाठ पडली मुंगसाशी. सकाळी अंडी काढायला गेले तर खुराड्यामागे मुंगूस दोन पायांवर उभं, आणि चिंगी त्याच्यासमोर. ती एक पाऊल पुढे गेली की ते केस फुलवून दुप्पट व्हायचं, मग हीसुद्धा केस फुलवायची. दोघांचीही फुगायची स्पर्धा! शेवटी कंटाळून मुंगूसच निघून गेलं. चिंगी दिवसभर अशी मिरवत होती की जणू गड जिंकून आलीय. पुढे लिंबावर आलेलं उदमांजर झालं, विहिरीकडे निघालेली घोरपड झाली. वानरांची टोळी आली तेव्हा मात्र मीच तिला उचलून आत पळाले. वानराच्या एका फटक्यात असलं चिमुकलं कुत्रं आडवं होतं, हे मी माहेरी पाहिलेलं आहे.

लहान कुत्रा मोठ्या जनावराशी का भिडतो, याचं मला फार आश्चर्य वाटायचं. आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला आपला आकार कळत नाही. पण ही सवय अंगातच असते. स्पिट्झ कुळातली कुत्री थंड देशांत घराची राखण करायला, गाड्या ओढायला पाळत. ते लांबुळकं, आखूड पायांचं डॅशहुंड तर जर्मनीत बिळात शिरून बिज्जूसारखी जनावरं बाहेर काढायलाच तयार केलं. आपण त्यांना मांडीवर घेतलं म्हणून त्यांच्या डोक्यातलं काम काही पुसलं जात नाही.

जुलै २०२२ मधली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, वीज गेलेली. चिंगीचं ते वेगळं भुंकणं सुरू झालं, सरपणाच्या ढिगापाशी. मी बॅटरी शोधत दारात आले तर कुकरची वाफ सुटावी तसा आवाज येत होता. क्षणभर वाटलं, आत कुकर होतोय. मग लक्षात आलं, आज कुकर लावलेलाच नाही! बॅटरीच्या उजेडात दिसली ती घोणस. जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, वेटोळं करून बसलेली. माझ्या पायापासून तीन-चार हातांवर. सकाळी त्याच ढिगातून मी जळण काढलं होतं, अनवाणी.

“चिंगी, मागे ये!” मी ओरडले. ती मागे आली नाही. उलट आणखी पुढे गेली आणि केकाटली.

मुलानं तिला टॉवेलात गुंडाळलं, ह्यांनी मोटारसायकल काढली. जखमेवर काही चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, वेळ घालवायचा नाही, एवढं मला बचत गटाच्या आरोग्य शिबिरातून ठाऊक होतं. माणसाला जे लागू तेच कुत्र्याला, असा आपला अंदाज. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तिचं तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, हिरड्यांतून रक्त. त्यांनी थोडं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं झाली तरी ते रक्त पाण्यासारखं पातळच! घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, ते असं डोळ्यांनी पाहिलं. सापाच्या विषावर माणसाला देतात तेच इंजेक्शन तिला दिलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ते एकच चालतं. सलाईन लावून दोन दिवस तिथेच ठेवली. तिसऱ्या दिवशी तिनं चमचाभर दूध प्यायलं आणि मी डॉक्टरांसमोरच रडायला लागले. इकडे सर्पमित्राने येऊन घोणस नेली होती.

मग काय, चिंगीचं नाव गावभर झालं. फोटो मोबाइलवरून फिरले. “तुमची चिंगी म्हणजे वाघीण हो!” असं जो तो म्हणायचा. मीही बचत गटाच्या बैठकीत तिखटमीठ लावून ती गोष्ट सांगितली. आणि इथेच माझं चुकलं. मी ढीग हलवला नाही, परसातलं गवत काढलं नाही. उलट ‘एवढी शूर आहे, तर रात्री मागच्या दाराशीच असू दे’ म्हणून तिला दोन मीटरची नवी साखळी आणली. दिवसा मोकळी, रात्री साखळीला. राखणदाराची जागा पक्की!

जानेवारी २०२४. ऊसतोड सुरू होती. आमच्याकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. त्याच्या माद्या उसातच वितात, पिल्लं उसातच वाढतात. तोड सुरू झाली की त्यांचा आडोसाच जातो. त्या रात्री अकराच्या सुमाराला चिंगी भुंकली. हे भुंकणं मी कधीच ऐकलं नव्हतं. दोनदा भुंकली आणि मध्येच थांबली, कोणी तोंड दाबावं तशी. मग दारावर नखांचा आवाज. खरवडत होती. मी अंथरुणातूनच म्हणाले, “गप गं! झोपू दे.”

थोड्या वेळानं आवाज थांबला.

सकाळी दार उघडलं तर चिंगी उंबऱ्याला चिकटून बसलेली, थरथरत. आणि कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींची हाक आली. त्यांच्या गोठ्यापाशी त्यांचा तांबूस रंगाचा छोटा गावठी कुत्रा बांधलेला असायचा. साखळी खुंटीला तशीच होती. साखळीच्या टोकाला तुटलेला पट्टा. मातीत फरफटल्याच्या खुणा, आमच्या कुंपणापासून वीस पावलांवर. वहिनी साखळी हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, “बांधला नसता तर पळाला तरी असता हो.”

मी काय बोलणार? माझ्याही दाराशी तशीच साखळी होती. त्याची निवड चुकली असती तर त्या खुणा आमच्या परसात असत्या, आणि मी आतून ‘गप गं’ म्हणत असते.

पुढच्या बैठकीला मी वनखात्याच्या माणसांना बोलावलं. त्यांनी जे सांगितलं त्यानं माझे डोळे उघडले. आमच्या शेजारच्याच अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो ते तपासलं होतं. त्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी सुमारे ३९ टक्के कुत्र्यांचं होतं! शेळ्यांपेक्षाही कितीतरी जास्त. म्हणजे आपण ज्याला राखणदार म्हणून बाहेर बांधतो, त्याच्याच वासानं बिबट्या अंगणात येतो. कोंबड्यांची पिसं, आतडी उघड्यावर टाकली की गावातली कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो.

पण बायका लगेच पटवून घेतील तर त्या बायका कसल्या! एक मावशी म्हणाल्या, “कुत्रं बाहेर नसंल तर वाघ आला हे कळणार कसं? पहाटे शेतात जावं लागतं आम्हाला.” प्रश्न खोटा नव्हता. आमच्याकडे पहाटे पाण्याची पाळी धरायला, जळण आणायला, संडासला बाहेर जाणाऱ्या बायकाच जास्त. कुत्र्याच्या भुंकण्यानं जीव वाचलेल्याही आहेत. दुसरी म्हणाली, “ताई, तुमचं पक्कं घर. आमची पत्र्याची एक खोली, त्यात पाच माणसं. कुत्रं कुठं घेऊ?” ह्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

कुत्रा आतून भुंकला तरी बाहेर ऐकू येतंच, ही गोष्ट वनखात्याच्या माणसांनी समजावली. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी दाराजवळ बंदिस्त पिंजरा करावा. जाड जाळीचा, वरूनही बंद. कोंबड्यांची पातळ जाळी बिबट्या सहज फाडतो. मग गटातून चार जणींना थोडं थोडं कर्ज दिलं आणि गावातल्या वेल्डरकडून पिंजरे करून घेतले. त्यातल्या एकीनं दोन महिन्यांतच पिंजऱ्यात कांदे भरले आणि कुत्रं पुन्हा बाहेर बांधलं! तिला रागावले, पण कांद्याचा भाव पडलेला होता, तिचंही काय चुकलं? वनखात्याचा १९२६ हा नंबर मात्र प्रत्येकीनं भिंतीवर लिहून घेतला. बिबट्या दिसला तर दगड मारायचे नाहीत, पाठलाग करायचा नाही, नंबर लावायचा.

मी माझ्यापुरतं सरपण भिंतीपासून दूर, विटांवर उचलून रचलं. कुंपणालगतचं गवत महिन्यातून एकदा काढून घेते. कोंबड्या संध्याकाळी सहालाच आत. परसात जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी, अगदी कढीपत्त्याची दोन पानं तोडायची असली तरी.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्या सकाळी त्यांनीही वहिनींच्या हातातली साखळी पाहिली होती. दिवसभर काही बोलल्या नाहीत. दिवे लागल्यावर मी भीतभीतच विषय काढला, “आई, चिंगीला रात्री आत…” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या उठल्या, ट्रंकेतून आपली जुनी फाटकी गोधडी काढली आणि मागच्या दाराच्या आतल्या बाजूला घडी करून अंथरली. “देवघराकडे फिरकायचं नाही म्हणावं तिला,” एवढंच म्हणाल्या.

चिंगी आता तिथेच झोपते. घोणशीच्या दंशाने तिच्या ओठाची एक बाजू जरा वाकडी राहिलीय, त्यामुळे ती सतत हसत असल्यासारखी दिसते. रात्री ते वेगळं भुंकणं अजूनही होतं. मग सासूबाई मला हाक मारतात, मी परसातला दिवा लावते, आणि दार न उघडता तिघीही खिडकीतून उसाकडे बघत बसतो.