पाच मशाली, मग सहा: युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रचिन्हात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही?

जुनी नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक चित्र अधूनमधून दिसतं. गव्हाच्या लोंब्यांचं कडं, वर लाल चांदणी, मधे पेटलेल्या मशाली आणि खाली निळ्या फितीवर '29.XI.1943' ही तारीख. हे युगोस्लाव्हियाचं राष्ट्रचिन्ह. हा देश आता नकाशावर नाही.

या चित्रात एक गंमत आहे. काही नाण्यांवर मशाली पाच दिसतात, काहींवर सहा. ही छपाईतली चूक नाही. मशालींचा आकडा ठरवून बदलला गेला होता. तो का बदलला हे समजलं, की हा देश कसा बांधला होता आणि फुटताना नेमका कुठल्या रेषांवर फुटला, हेही बऱ्यापैकी समजतं.

फितीवरची तारीख कसली?

एप्रिल 1941 मध्ये जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर हल्ला केला. काही दिवसांतच सैन्य कोलमडलं आणि राजा देश सोडून गेला. त्यानंतर जोसिप ब्रोझ टिटो यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्ट गनिमांनी डोंगराळ भागातून लढा सुरू केला.

29 नोव्हेंबर 1943 रोजी बोस्नियातल्या यायत्से या छोट्या शहरात या लढ्याच्या प्रतिनिधींची परिषद भरली. युद्धानंतरचा देश एकाच समाजाच्या वर्चस्वाखाली नसेल, तर बरोबरीच्या घटकांचा संघ असेल, असं तिथे ठरलं. बरोबर दोन वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1945 ला, राजेशाही रद्द झाली. पुढे ही तारीख देशाचा प्रजासत्ताक दिन बनली आणि राष्ट्रचिन्हावरही आली.

या चिन्हाच्या रचनेशी शिल्पकार आंतुन आउगुस्तिंचिच आणि चित्रकार जोर्जे आंद्रेयेविच कुन यांची नावं जोडली जातात. गहू म्हणजे शेती आणि शेतकरी, लाल चांदणी म्हणजे कम्युनिस्ट चळवळ. सोव्हिएत संघाच्या चिन्हात असलेला विळा-हातोडा मात्र इथे नाही. त्याऐवजी मधोमध मशाली आहेत. प्रत्येक मशाल वेगळी, पण वर सगळ्यांची मिळून एकच ज्योत. 'बंधुता आणि एकता' ही टिटोंच्या राजवटीची घोषणा होती, आणि या ज्योतीचा अर्थही तोच.

आधी पाचच मशाली का?

कारण त्या वेळी देशात पाच 'नारोद' मानले गेले होते. नारोद म्हणजे स्वतःची ओळख असलेला, देशाचा संस्थापक घटक समजला जाणारा लोकसमूह. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसिडोनियन आणि माँटेनेग्रिन, असे हे पाच.

पण देशात प्रजासत्ताकं होती सहा. सहावं होतं बोस्निया आणि हर्झेगोव्हिना. तिथे सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम एकमेकांत मिसळून राहत होते. तिघांची बोली जवळपास सारखीच, पण परंपरेने सर्ब ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, क्रोएट कॅथलिक आणि तिसरा समाज मुस्लिम. या तिसऱ्या समाजाला वेगळा लोकसमूह मानायचं की नाही, यावर राज्यकर्त्यांचं एकमत नव्हतं. काळाच्या ओघात हे लोक स्वतःला सर्ब नाहीतर क्रोएट म्हणवून घेतील, असा अनेकांचा समज होता.

तसं झालं नाही. 1948 च्या जनगणनेत त्यांच्यासमोर 'मुस्लिम सर्ब', 'मुस्लिम क्रोएट' किंवा 'अनिर्णित मुस्लिम' असे पर्याय होते. मोठ्या बहुसंख्येने 'अनिर्णित' हा पर्याय निवडला.

बोस्नियाच्या स्वतःच्या चिन्हातही ही अडचण दिसते. क्रोएशियाच्या चिन्हात लाल-पांढऱ्या चौकटींची पारंपरिक ढाल होती, स्लोव्हेनियाच्या चिन्हात त्रिग्लाव्ह पर्वत. बोस्नियाच्या चिन्हात होती कारखान्याची धुरांडी! एका समाजाची खूण घेतली असती, तर उरलेले दोन दुखावले असते. धुरांडं कोणाच्याच जातीधर्माचं नव्हतं.

1963: सहावी मशाल पेटली

1961 मध्ये बेलग्रेडला अलिप्ततावादी देशांची पहिली शिखर परिषद झाली. पंडित नेहरू तिथे गेले, तेव्हा यजमान देशाच्या चिन्हात पाचच मशाली होत्या. दोन वर्षांनी, एप्रिल 1963 मध्ये, नवी राज्यघटना आली. देशाचं नाव 'युगोस्लाव्हियाचं समाजवादी संघीय प्रजासत्ताक' झालं आणि मशाली सहा झाल्या.

बदल फक्त आकड्याचा नव्हता, मोजण्याचं मापही बदललं होतं. आधी मशाल म्हणजे लोकसमूह, आता मशाल म्हणजे प्रजासत्ताक. त्यामुळे बोस्नियाला त्याची जागा मिळाली. पुढे 1971 च्या जनगणनेत 'मुस्लिम' हा स्वतंत्र राष्ट्रीय गट म्हणून नोंदवता येऊ लागला. आज याच समाजाला आपण बोस्नियाक म्हणतो.

ज्यांना मशाल मिळाली नाही

आता दोन आकडे पाहा. 1981 च्या जनगणनेनुसार युगोस्लाव्हियात माँटेनेग्रिन होते सुमारे 5 लाख 79 हजार, आणि अल्बेनियन होते 17 लाखांहून जास्त. म्हणजे जवळपास तिप्पट. तरीही माँटेनेग्रोची मशाल होती, अल्बेनियन लोकांची नव्हती.

कारण होतं वर्गवारीत. अल्बेनियन हे 'नारोद' नव्हते, 'नारोदनोस्त' होते. ज्यांचा स्वतःचा देश युगोस्लाव्हियाबाहेर आहे, असा समूह. अल्बेनिया शेजारीच होता. हंगेरियन लोकांनाही हाच नियम लागू होता. त्यामुळे अल्बेनियनबहुल कोसोव्हो हा सर्बियातला स्वायत्त प्रांत राहिला. 1974 च्या राज्यघटनेने त्याला स्वतःची विधानसभा आणि देशाच्या सामूहिक अध्यक्षमंडळात जागाही दिली. पण प्रजासत्ताकाचा दर्जा दिला नाही.

1981 च्या वसंतात कोसोव्होत मोठी निदर्शनं झाली. प्रमुख मागणी होती प्रजासत्ताकाची. ती बळाने मोडून काढण्यात आली. 1989 मध्ये सर्बियाने कोसोव्होच्या स्वायत्ततेचा मोठा भाग काढून घेतला.

देश फुटला, तेव्हा हाच हिशोब लागू झाला

जून 1991 मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. नवे देश कोणते मानायचे, यावर सल्ला देण्यासाठी युरोपीय समुदायाने फ्रेंच कायदेतज्ज्ञ रोबेर बादांतेर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की प्रजासत्ताकांच्या अंतर्गत सीमा याच आता आंतरराष्ट्रीय सीमा ठरतील.

म्हणजे ज्याची मशाल, त्याला देश होण्याचा रस्ता मोकळा. 2006 मध्ये माँटेनेग्रो सर्बियापासून वेगळा झाला आणि सहा मशालींचे सहा देश पूर्ण झाले. कोसोव्होला मात्र हा रस्ता नव्हता. तिथे 1998-99 मध्ये युद्ध झालं, नाटोने बॉम्बहल्ले केले आणि 2008 मध्ये कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं. आजही अनेक देश त्याला मान्यता देत नाहीत. भारतही त्यांपैकी एक.

मशाल मिळाली म्हणजे सुटका झाली, असंही नाही. ज्या बोस्नियासाठी सहावी मशाल आली, तिथलंच युद्ध सर्वांत भीषण ठरलं. 1992 ते 1995 मध्ये सुमारे 1 लाख माणसं मारली गेली. जुलै 1995 मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात 8 हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलांची हत्या झाली.

युद्धानंतर बोस्नियाला नवं चिन्ह हवं होतं, आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिन्ही समाजांचं एकमत होईना. शेवटी 1998 मध्ये शांतता कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीने झेंडा आणि चिन्ह दोन्ही ठरवून दिलं. निळी पार्श्वभूमी, पिवळा त्रिकोण, पांढऱ्या चांदण्या. कोणाचीच खूण नाही, म्हणून कोणाचा थेट आक्षेपही नाही. एके काळी धुरांड्यांनी केलेलं काम आता चांदण्या करतात.

यातून काय लक्षात ठेवायचं?

मशालींमुळे युद्ध झालं नाही, आणि मशालीने कोणाला देशही दिला नाही. ते घडलं राज्यघटनेतल्या दर्जामुळे आणि त्या काळच्या राजकारणामुळे. पण राज्यघटना किती लोक वाचतात? राष्ट्रचिन्ह मात्र नाण्यावर, पासपोर्टवर, शाळेच्या भिंतीवर रोज दिसतं. घरातले कोण कोण, हे ते साध्या चित्रात सांगतं.

सोव्हिएत संघाचं चिन्हही असंच वाचता येतं. त्याच्या फितीवर प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाच्या भाषेत घोषणा लिहिलेली असे. शेवटी भाषा होत्या 15, आणि 1991 मध्ये देश झाले 15. चेचेन भाषा त्या फितीवर नव्हती, कारण चेचेन्या हा रशियाच्या आतला स्वायत्त भाग होता. त्याने वेगळं व्हायचा प्रयत्न केला, तेव्हा दोन युद्धं झाली आणि तो रशियातच राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी युगोस्लाव्हियाचं एखादं नाणं फीडमध्ये दिसलं, तर मशाली मोजून बघा. पाच असतील तर तो देश लोकसमूह मोजत होता, सहा असतील तर प्रजासत्ताकं. आणि दोन्ही वेळा अल्बेनियन माणसं त्या मोजणीबाहेर राहिली होती, हेही आठवा.