आधी नियम, मग अपवाद

१८८९ साली पॅरिसमध्ये आयफेल टॉवर नुकताच उभा राहिला होता आणि जागतिक प्रदर्शन पाहायला शहरात माणसांचा पूर लोटला होता. त्याच वर्षी तिथे एक परिषद भरली. तिथली मंडळी ज्या भाषेत भांडत होती, ती अकरा वर्षांपूर्वी पृथ्वीतलावर नव्हतीच. भाषेचं नाव व्होलाप्युक. आधीचे दोन मेळावे जर्मनीत झाले होते आणि त्यांचं कामकाज मुकाट्याने जर्मनमध्येच उरकलं होतं. पॅरिसला मात्र सगळा व्यवहार व्होलाप्युकमध्ये झाला. वाढपीदेखील तीच बोलत होते म्हणे. घडवलेल्या भाषेत माणसं खरोखर तावातावाने वाद घालू शकतात, हे जगाला दिसलं ते तेव्हा. वाद होता तो त्या भाषेच्याच दुरुस्तीचा.

व्होलाप्युकचा कर्ता योहान मार्टिन श्लायर हा जर्मनीतल्या बाडेन प्रांतातला कॅथलिक धर्मगुरू. १८७९ मध्ये झोप न आलेल्या एका रात्री देवानेच आपल्याला विश्वभाषा रचायला सांगितली, असं त्याचं म्हणणं होतं. देवाचा आदेश असला तरी शब्द त्याने बव्हंशी इंग्रजीतून उचलले आणि ओळखू येणार नाहीत इतके घासले. ‘वर्ल्ड’चं झालं ‘व्होल’, ‘स्पीक’चं ‘प्युक’. युरोप खंड ‘यूलोप’ झाला. ‘र’ हा उच्चार चिनी लोकांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना जड जातो म्हणून त्याला जवळपास हद्दपारच केलं. उच्चार सोपा झाला खरा, पण शब्दाची ओळख पुसली गेली; ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द नव्याने पाठ करणं आलं.

व्याकरण मात्र त्याने मन लावून बांधलं होतं. ‘ल्योफोब’ म्हणजे मी प्रेम करतो, ‘ल्योफोल’ तू करतोस, ‘ल्योफोम’ तो करतो. आधी ‘ऍ’ जोडला की भूतकाळ, ‘ओ’ जोडला की भविष्यकाळ. नामाच्या विभक्ती चार आणि एक नाम चालवता आलं की कोशातली सगळी चालवता आली. शाळेत रामः रामौ रामाः घोकून पुन्हा हरि आणि गुरु वेगळे पाठ केलेल्यांना हेवा वाटावा अशी ही सोय होती. अपवाद हा भाषेतला रोग आहे आणि तो काढून टाकता येतो, अशी श्लायरची आणि त्याच्या पिढीची पक्की समजूत होती.

रोग निघाला, पण मालकी आडवी आली. ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच प्राध्यापकाने (गुप्तलेखनशास्त्रातलं एक मूलभूत तत्त्व आजही याच्या नावाने ओळखलं जातं) भाषा आणखी सुटसुटीत करण्याचा घाट घातला. श्लायरने नकाराधिकार मागितला. भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. अनुयायी फुटले. ज्याला त्याला आपापली सुधारणा सुचू लागली आणि चळवळ दहा-पंधरा वर्षांत विरली. न्यूरेंबर्गच्या व्होलाप्युक मंडळाने तर त्याआधीच सरळ दुसऱ्या भाषेत प्रवेश केला होता.

ही दुसरी भाषा १८८७ साली वॉर्सातून एका लहानशा पुस्तिकेतून आली होती. लेखकाचं छापील नाव होतं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा. खरं नाव लुडविक झामेनहोफ, धंद्याने नेत्रवैद्य. त्याचा जन्म बियालिस्टोकचा. त्या गावात ज्यू, पोलिश, रशियन आणि जर्मन माणसं शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. पुस्तिकेत सोळा नियम आणि नऊशेच्या आसपास मूळ शब्द होते. ‘ओ’ने संपलं की नाम, ‘आ’ने संपलं की विशेषण. क्रियापदाला ‘आस’ लागला की वर्तमान, ‘इस’ लागला की भूत, ‘ओस’ लागला की भविष्य. लिंगभेदाची भानगड निर्जीव वस्तूंना नाही.

झामेनहोफची खरी करामत दिसते ती शब्दांच्या जोडकामात. ‘साना’ म्हणजे निरोगी. विरुद्धार्थी ‘माल’ लावला की ‘मालसाना’, आजारी. व्यक्ती दाखवणारा ‘उल’ घातला की ‘मालसानुलो’, रुग्ण. स्थळवाचक ‘एय’ घातला की ‘मालसानुलेयो’, रुग्णालय. चार तुकडे, चारही ठरल्या जागी आणि त्यातला प्रत्येक दुसऱ्या शेकडो शब्दांत जसाच्या तसा वापरता येणारा. कोश बारीक ठेवायचा आणि बोलणाऱ्याला शब्द पाडायचा परवाना द्यायचा, हा त्यामागचा हिशोब. टीकाकारांनी नाक मुरडलं ते ‘माल’वर. तरुणाला ‘यूना’ म्हणायचं आणि म्हाताऱ्याला ‘मालयूना’, म्हणजे तरुण नसलेला. हे कानाला बरं लागत नाही, यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

श्लायरच्या चुकीतून झामेनहोफने धडा घेतला असावा, कारण त्याने भाषेवरचा हक्क पहिल्याच पुस्तिकेत सोडून दिला. १८९४ मध्ये काही सुधारणा त्याने स्वतःच सुचवल्या आणि वाचकांचं मत मागवलं. बहुमताने त्या फेटाळल्या. भाषेच्या कर्त्याचा तिच्याच बोलणाऱ्यांनी पराभव केला आणि त्याने तो निमूट मान्य केला! १९०५ साली फ्रान्समधल्या बूलोन्य-सुर-मेर इथे पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा मूळ नियमावलीला कुणीही हात लावायचा नाही असं ठरून गेलं. पुढे १९०७ मध्ये ‘इदो’ नावाची सुधारित आवृत्ती निघाली, पण एस्पेरांतो तगली. आपल्याकडे भूदानाच्या पदयात्रेच्या काळात, साठीच्या घरात असलेल्या विनोबा भाव्यांनीही ती शिकून घेतली होती. अर्थात विनोबा कोणती भाषा शिकले नाहीत, हीच यादी लहान निघेल.

तर्कशुद्ध भाषेचं वेड श्लायरच्याही दोनशे वर्षं आधीचं. इंग्लंडच्या जॉन विल्किन्सने १६६८ मध्ये अख्खं विश्व चाळीस वर्गांत विभागून त्यातून शब्द पाडले होते. ‘दे’ म्हणजे महाभूत. एक अक्षर जोडून ‘देब’ म्हणजे अग्नी. आणखी एक जोडून ज्वाला. अक्षराअक्षराला अर्थ, त्यामुळे शब्दच स्वतःची व्याख्या सांगणार. कागदावर हे देखणं दिसतं. अडचण अशी की जवळच्या वस्तूंचे शब्दही जवळजवळ सारखेच होतात आणि एक अक्षर चुकलं की भलतीच वस्तू हाती येते. सातूसाठी ‘गादे’ आणि ट्यूलिपसाठी ‘गापे’ असे शब्द होते. खुद्द विल्किन्सने ग्रंथात एके ठिकाणी ट्यूलिपऐवजी सातू लिहून ठेवला आहे, हे पुढे इटालियन लेखक उम्बेर्तो इकोने दाखवून दिलं. रोजच्या भाषेत आंबा आणि चिंच यांच्या नावांत काही साम्य नसतं, ते बरंच असतं.

फ्रान्समधला संगीतशिक्षक फ्रान्स्वा सुद्र आणखी पुढे गेला. सात स्वरांच्या नावांतूनच त्याने ‘सोलरेसोल’ ही भाषा उभी केली. ती बोलता येई, गाता येई, व्हायोलिनवर वाजवताही येई. ‘दोमिसोल’ म्हणजे देव. आपल्या सरगमीत सा ग प. तेच स्वर उलटे म्हटले की ‘सोलमिदो’, सैतान.

नुसते शब्द बनवणं हा प्रकार त्याहून जुना आणि सोपा. बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीने हजारेक नामं रचली आणि ती लॅटिन वाक्यांत बसवली. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा याच जातीची. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला आकड्यांचे गुप्त शब्द, बाकी वाक्य मराठी. ‘घरी जातो’चं ‘चरीघ चतोजा’ करणारी पोरांची च-ची भाषा तर शब्दही नवे बनवत नाही, असलेलेच फिरवते.

नियम आणि कोश हे दोन्ही हाताशी असूनही एखादी भाषा खोटी का वाटते, हा प्रश्न गंभीरपणे घेतला तो इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांनी. ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं आणि ते तिच्या नादावर लुब्ध झाले. त्यातून त्यांनी रचलेली क्वेन्या भाषा आली. वेल्श भाषेच्या प्रेमातून पुढे सिंदारिन. या छंदावर १९३१ मध्ये त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं नाव होतं ‘एक गुप्त व्यसन’.

टॉल्किननी दोन्ही भाषा एका काल्पनिक आदिभाषेतून उतरवल्या. संस्कृतातला ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला, मग मराठीत ‘हात’ आणि हिंदीत ‘हाथ’. असेच ध्वनिबदल त्यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या हिशोबाने ठरवले. हंसाला क्वेन्यात ‘आल्क्वा’, तर सिंदारिनमध्ये ‘आल्फ’. झाडाला एकीकडे ‘आल्दा’, दुसरीकडे ‘गालाध’. हे ध्वनिबदल एकदा लागू केले की अनियमित रूपं आपोआप पडतात, कारण शब्दाच्या एका रूपात झिजलेलं अक्षर दुसऱ्या रूपात टिकलेलं असतं. नव्या लाकडाला मुद्दाम वाळवी लावणाऱ्या सुताराचं हे काम. श्लायरने ज्याला रोग मानलं होतं, तेच टॉल्किनना भाषेच्या वयाचा दाखला वाटलं.

हॉलिवूडला हे उमगायला बराच वेळ लागला. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात परग्रहावरच्या क्लिंगॉन योद्ध्यांच्या तोंडी जेम्स डूहान या नटाने रचलेले मोजके शब्द होते. १९८४ च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाला बोलावलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या लुप्त भाषेवर त्याने डॉक्टरेट केली होती. माणसाच्या भाषांमध्ये जे क्वचित सापडतं ते त्याने वेचून घेतलं. ‘आंबा खाल्ला रामाने’ असं मराठीत ठसक्यासाठी म्हणतात. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता हाच साधा क्रम. उच्चारांतही त्याने मुद्दाम तोल बिघडवला. आपल्या ‘ड’ आणि ‘ष’सारखे मूर्धन्य ध्वनी तिथे आहेत, पण ‘ड’चा जोडीदार ‘ट’ नाही. वर्णमालेतली घरं अशी नीट भरलेली बघण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे खटकेल. ओक्रँडला तेच हवं होतं. चित्रीकरणात नट चुकले तर तो कधीकधी व्याकरणच बदलून टाकी.

या भाषेत ‘असणे’ हे क्रियापद नाही, असंही त्याने ठरवून टाकलं होतं. ते १९९१ मध्ये अंगाशी आलं, कारण नव्या चित्रपटात क्लिंगॉन सेनापतीला हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगताची सुरुवात म्हणायची होती. ओक्रँडने आधी ‘जगणे’चा शब्द सुचवला, तो फिका पडला, शेवटी ‘चालू राहणे’ या अर्थाचं ‘ताख’ घडवून वेळ निभावली. पुढे चाहत्यांनी अख्खं ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये उतरवून छापलं.

त्याच सुमारास अमेरिकन लेखिका सुझेट हेडन एल्गिन वेगळ्याच वाटेने निघाली होती. बायकांच्या अनुभवाला शब्द अपुरे पडतात, म्हणून १९८२ मध्ये तिने ‘लादान’ रचायला घेतली. वाक्याच्या शेवटी बोलणाऱ्याने सांगायचं की हे मी स्वतः अनुभवलं, विश्वासातल्या माणसाकडून ऐकलं, की ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडून. सणाची सुट्टी म्हणवली जाणारी, पण पाहुण्यांच्या सरबराईत आणि कामाच्या रगाड्यात जाणारी, त्यातही कुणी मदतीला येत नाही अशी वेळ, यासाठी तिने ‘रादीदिन’ हा एकच शब्द ठेवला. दिवाळीत दोन्ही वेळचा स्वयंपाक करणाऱ्या घरोघरच्या बायकांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

एकविसाव्या शतकात हा रीतसर व्यवसाय झाला. २००९ च्या ‘अवतार’साठी पॉल फ्रॉमर यांनी ना’वी बांधली. तिच्यात क्रियापदाच्या पोटातच प्रत्यय शिरतो. ‘तारोन’ म्हणजे शिकार करणे, ‘तोलारोन’ म्हणजे केली, ‘तायारोन’ म्हणजे करणार. फिलिपिन्सच्या भाषांत अशी सोय आहेच. सकर्मक वाक्यातल्या कर्त्यालाही वेगळा प्रत्यय लागतो. आपल्याकडे ‘रामाने खाल्ला’ला लागणारा ‘ने’ ‘राम खातो’मध्ये गळतो, ना’वीत तो कुठल्याही काळात राहतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी डोथ्राकी आणि हाय व्हॅलिरियन रचणारा डेव्हिड पीटरसन जुनं रूप आधी घडवतो आणि मग त्याला वर्षानुवर्षांची झीज लावतो. डोथ्राकी घोडेस्वारांच्या भाषेत त्याने ‘धन्यवाद’ला शब्दच ठेवला नाही. हाय व्हॅलिरियनमध्ये लिंगं चार: चांद्र, सौर, भूमी आणि जल. ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल असं का, याचं उत्तर मराठीत कुणी देत नाही. झामेनहोफने वस्तूंवरचं लिंगाचं ओझं काढून टाकलं होतं. सव्वाशे वर्षांनी पीटरसनने एक वाढवून दिलं.

२०१५ साली ‘बाहुबली’ चित्रपटात कालकेय टोळीच्या तोंडी आलेली किलिकी तमिळ गीतकार मदन कार्की यांची, साडेसातशे शब्दांची आणि चाळीस नियमांची. तिच्यात ‘मिन’ म्हणजे मी आणि ‘निम’ म्हणजे तू. शब्द उलटा केला की अर्थ उलटा, ही सुद्रची जुनी युक्ती.

एस्पेरांतोला पीटरसनसारखे झिजवणारे कुणी कामावर ठेवावे लागले नाहीत. काही घरांत ती मुलांची जन्मभाषा आहे आणि त्यातली काही मुलं बोलताना कर्माचा ‘न’ कधीकधी गाळतात. संमेलनात सगळे एस्पेरांतो बोलत असताना आपल्या मातृभाषेत गप्पा मारणाऱ्यावर ‘क्रोकोदिली’, म्हणजे मगरपणा केल्याचा ठपका बसतो. तरुण मंडळींनी तर ‘आधुनिक, तरुण ढंगाचा’ या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं घेतली, ती एस्पेरांतोच्या वर्णमालेप्रमाणे ‘मो’, ‘यो’, ‘सो’ अशी म्हटली आणि त्यातून ‘मोयोसा’ हे विशेषण केलं. अर्थ साधारण ‘भारी’.