हजेरीपटाबाहेरचे मनुष्यबळ

मनुष्यबळ व्यवस्थापनाचे कुठलेही पाठ्यपुस्तक भरतीपासून सुरू होते आणि माणूस टिकवण्यापाशी संपते. मधल्या पानांवर प्रशिक्षण, मूल्यमापन आणि पगारवाढ. उदाहरणे बहुधा बेंगळुरूची, नाहीतर हिंजवडीची. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या, 2011 च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाख वस्तीच्या आणि त्यात जवळपास सत्तर टक्के आदिवासी असलेल्या नंदुरबार जिल्ह्याचा या शास्त्राशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण भरतीच म्हणाल तर ती इथे दरवर्षी होते, आणि होते ती चुरशीच्या धंद्यासाठी. दिवाळीच्या आगेमागे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागांतून भिल्ल, पावरा, मावची कुटुंबे उसाच्या तोडीला निघतात. काही जिल्ह्यातल्याच कारखान्यांच्या उसात जातात, पुष्कळशी सीमा ओलांडून बारडोली-सुरत पट्ट्यात. या भरतीत कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी कुठेच दिसत नाही. या माणसांना कारखाना आपल्या हजेरीपटावर घेत नाही तोवर त्याच्या मनुष्यबळ धोरणाला काही अर्थ नाही, असे माझे मत आहे. आणि ते दयेपोटी नाही, धंद्याच्या हिशेबाने आहे.

साखर धंद्याची चुरस बाजारात जितकी आहे तितकीच शेतात आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप यांची साखळी रोजच्या रोज जुळावी लागते. टोळ्या वेळेवर आल्या नाहीत तर गव्हाण रिकामी राहते आणि सभासदाचा ऊस शेजारचा कारखाना उचलून नेतो. एवढे ज्यावर अवलंबून ते काम कारखान्याने सोपवले आहे मुकादमावर. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो, टोळी बांधतो, पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, नेतो, हजेरी धरतो आणि शेवटी हिशेबही तोच करतो. भरती, आगाऊ रक्कम, देखरेख, पगार ही सगळी खाती एका माणसाच्या खिशातल्या वहीत! डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात बारडोलीच्या कारखान्यासाठी खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास केला, तेव्हाही हीच व्यवस्था होती. कारखान्यांची यंत्रे बदलली, सहवीजनिर्मिती आली, इथेनॉल आले. माणसे आणण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

तिचा सगळ्यात मोठा दोष मोजमापात आहे. कामाचे एकक ‘कोयता’. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. उचल त्याच्या नावावर, मजुरीही त्याच्या नावावर. म्हणजे निम्मे मनुष्यबळ कुठल्याच कागदावर नाही. जिचे नाव नाही तिला बाळंतपणाची रजा कोण देणार? बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रकरणात वैद्यकीय नफेखोरीवर पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच. पण पाळीच्या दिवसांतला खाडाही परवडू नये अशी कामाची रचना कुणी केली, हा प्रश्न व्यवस्थापनाचा होता आणि तो व्यवस्थापनाला फारसा कुणी विचारला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: काम हंगामी, चार-सहा महिन्यांचे, त्यासाठी नोकरदार कसे ठेवायचे? कारखान्याच्या आत पाहिले की याचे उत्तर मिळते. गाळप खात्यातले बरेच कामगारही हंगामीच असतात. गाळप संपले की तेही घरी जातात. पण त्यांची नावे पटावर राहतात, बिगरहंगामात त्यांना धारणा भत्ता मिळतो आणि पुढच्या हंगामात तेच परत येतात. त्यांचे वेतन त्रिपक्षीय करारातून ठरते. हंगामी माणसाला वागवण्याची रीत साखर उद्योगाला पक्की ठाऊक आहे; ती त्याने फाटकाच्या आतच ठेवली आहे. ‘तोडणारा आमचा नाही, मुकादमाचा आहे’ हा बचावही लंगडा आहे, कारण कुठल्या फडात कधी कोयता घालायचा हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवते आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कारखानाच कापतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उचल मजुरालाच हवी असते. ती बंद केली तर तो येणारच नाही. हे खरे आहे. डोंगरातल्या कोरडवाहू शेतीवर पावसाळ्यात घर चालवायला, लग्नाला, दुखण्याला रोख रक्कम लागते आणि बँक ती देत नाही. म्हणून उचल बंद करा असे मी म्हणणार नाही. पण तीच रक्कम कारखान्याने खात्यात दिली, दोघांच्या नावे लिहिली आणि पंधरवड्याच्या पंधरवड्याला फेड किती झाली याची चिठ्ठी हातात ठेवली, तर ती पगाराची आगाऊ रक्कम ठरते. वही मुकादमाकडेच राहिली तर तीच उचल पुढच्या वर्षाची बेडी होते. शिवाय आजच्या पद्धतीत कारखानेही बुडतात: मुकादमाने पैसे घेतले आणि टोळी आलीच नाही, ही तक्रार महाराष्ट्रातले कारखाने वर्षानुवर्षे करत आहेत. जो खर्च वाचवला असे वाटते, तो असा दुसऱ्या दाराने बाहेर पडतो.

स्पर्धेत हे परवडेल का, असे विचारणाऱ्यांनी जमशेदपूरकडे पाहावे. टाटांच्या पोलाद कारखान्याने 1912 मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला आणि 1920 मध्ये भरपगारी रजा व भविष्य निर्वाह निधी दिला. स्वतंत्र भारताचा कारखाने कायदा आला 1948 मध्ये. कारखाना बुडाला नाही. पोलाद आणि ऊस एक नव्हेत हे मान्य. पण सवलतींमुळे धंदा बसतो हा दावा तरी त्या उदाहरणाने मोडतो. उसात दर वाढवून कारखाने बंद पडल्याचेही दिसलेले नाही. महाराष्ट्रात जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. राहिले हार्वेस्टर. सपाट, मोठ्या फडांत ते येतील आणि यावेतही. छोट्या तुकड्यांच्या शेतात अजून कोयताच लागतो.

मजुरीचा चोख हिशेब मागणे नंदुरबारला नवे नाही. शहाद्याच्या सुपीक पट्ट्यात सालदारांना वर्षाच्या बोलीवर राबवले जात होते, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आदिवासी संघटित झाले आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तोंडी बोलीच्या जागी ठरावीक मजुरी मागता येते, हे या तालुक्याने साखर उद्योगाच्या आधी शिकून घेतले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा 1979 चा कायदा मजुराला पासबुक द्या, प्रवासभत्ता द्या असे सांगत होता. कायदा कमी पडला नाही, तो पडावापर्यंत पोहोचला नाही. कायद्याचे राहू द्या, रजेचेच पाहा: होळीला या भागातला माणूस गावी येणारच. काठी गावच्या होळीची तारीख कारखान्याच्या गाळप वेळापत्रकात आधीच धरणे, एवढे साधे रजेचे नियोजनही अजून कुणाला सुचू नये, याचे नवल वाटते.

गुजरातच्या कारखान्यांवर महाराष्ट्राचा हुकूम चालत नाही. आपल्या कारखान्यांवर चालतो. पुण्याचे साखर आयुक्त गाळप परवाना देताना शेतकऱ्यांची ऊसबिले थकली आहेत का हे पाहतात. त्याच अर्जासोबत तोडणी मजुरांची, बायकांसकट, नावनिशीवार यादी आणि मागील हंगामाचा हिशेब चुकता केल्याचा दाखला त्यांनी मागावा. सुरुवात नंदुरबार जिल्ह्यातल्या कारखान्यांपासून करावी.