गुडघा पुढे गेला तर काय होतं?

जयपूरच्या पश्चिम अंगाला वैशाली नगर पसरलेलं आहे. संध्याकाळी आम्रपाली सर्कलच्या आसपास किंवा क्वीन्स रोडने फिरलं, की दुकानांच्या वरच्या मजल्यांवर जिमचे दिवे दिसतात. यातल्या कुठल्याही जिममध्ये नवख्या माणसाने खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट सुरू केला, की थोड्या वेळात शेजारून आवाज येतो, ‘भाईसाहब, घुटना पंजे से आगे मत जाने दो, ख़राब हो जाएगा.’ हेच वाक्य कोथरूडला आणि डोंबिवलीला मराठीत ऐकू येतं, ‘दादा, गुडघा अंगठ्याच्या पुढे नेऊ नका.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्यालाही कधीतरी कुणी असंच सांगितलेलं असतं. न विचारता दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात शास्त्राच्या दृष्टीने नेमकं काय चुकतं, ते या एका वाक्यावरून नीट समजतं, म्हणून सुरुवात गुडघ्यापासून करू.

स्क्वॉटबद्दलची भीती जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वजन उचलणाऱ्यांचे गुडघे तपासून सांगितलं, की पूर्ण खाली बसल्याने गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात. नंतरच्या तपासण्यांत तसं आढळलं नाही, पण भीती जिममध्ये राहिली. गुडघा अंगठ्याच्या रेषेत थांबवावा, हा नियमही त्याच काळजीच्या पोटातला. तो किती खरा आहे, हे मेम्फिस विद्यापीठातल्या अँड्र्यू फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मोजून पाहिलं. व्यायामाची सवय असलेल्या ७ पुरुषांना त्यांनी स्वतःच्या वजनाइतका भार देऊन दोन प्रकारे स्क्वॉट करायला लावले. एकदा मोकळेपणी, आणि एकदा पायांसमोर उभी फळी ठेवून, म्हणजे गुडघा पुढे जाऊच शकणार नाही. फळी असताना गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांध्याला फिरवू पाहणारा जोर, १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर उतरला. इथपर्यंत शेजारचा सल्ला बरोबर ठरतो. पण त्याच वेळी खुब्याच्या सांध्यावरचा टॉर्क २८ वरून जवळजवळ ३०३ वर गेला. गुडघ्याचा भार पाव हिश्श्याहून कमी घटला, आणि खुब्याचा दहापटीहून अधिक वाढला. कारण साधं आहे. गुडघा मागे अडवला की तोल राखायला धड पुढे झुकवावं लागतं, आणि धड झुकलं की वजन कंबरेपासून आणि पाठीच्या खालच्या भागापासून लांब जातं.

मग गुडघा पुढे न्यावा की नाही? ज्याला गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं, त्याला काही काळ तो मागे ठेवणं सोयीचं जाईल. ज्याची कंबर धरलेली आहे, त्याला तोच सल्ला महागात पडू शकतो. ज्याच्या मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब आहे, त्याला गुडघे पुढे नेल्याशिवाय किंवा बरंच वाकल्याशिवाय खाली बसताच येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त गुडघा दिसतो. हाडांचं माप, जुनी दुखापत, वैद्यांनी काय सांगितलंय, यातलं काहीच दिसत नाही.

या सल्ल्याचं मला आश्चर्य वाटतं, ते आणखी एका कारणाने. आपल्या तालमींचा पाया जोर-बैठकांवर रचलेला आहे. बैठक मारताना टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघे बोटांच्या चांगलेच पुढे जातात. कोल्हापूरच्या मल्लांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा शेकड्यांनी बैठका मारत आल्या. बैठकीत खांद्यावर लोखंड नसतं, त्यामुळे दोन्हींची सरळ बरोबरी करता येणार नाही. तरीही गुडघा पुढे गेला म्हणजे मोडला, हे समजणं आपल्या डोळ्यांसमोरच्या परंपरेलाच धरून नाही. जिना उतरताना, उकिडवं बसताना तो पुढे जातोच.

श्वासाचंही तसंच आहे. एक जण सांगतो, ‘जड वजनाला श्वास रोखून धर, पाठ घट्ट राहते.’ दुसरा सांगतो, ‘श्वास अजिबात रोखू नको.’ पहिल्याचं म्हणणं बरोबर आहे, कारण श्वास कोंडला की पोटातला दाब वाढून मणक्याला आधार मिळतो. दुसऱ्याचंही बरोबर आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल यांच्या गटाने १९८५ मध्ये ५ शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला, आणि एका खेळाडूत ४८०/३५० च्याही वर गेला. काही क्षणांचा असला तरी हा आकडा उच्च रक्तदाबाच्या माणसासाठी भयंकर आहे. शेजारी उभा असलेला मध्यमवयीन गृहस्थ सकाळी कुठली गोळी घेऊन आलाय, हे ठाऊक असल्याशिवाय या दोन सल्ल्यांपैकी एकही त्याला देता येत नाही.

आता समजा, सल्ला अगदी अचूक आहे. तरी तो त्या क्षणी उपयोगी पडेल का? इथे मेंदू हालचाल कशी शिकतो, हा प्रश्न येतो, आणि मला तो या विषयातला सगळ्यात रंजक भाग वाटतो.

गॅब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिकेला विंडसर्फिंग करताना जाणवलं, की आपलं लक्ष पायांवर, हातांवर असलं की वळण बिघडतं, आणि फळीच्या कलण्यावर असलं की ते सहज जमतं. पुढे १९९८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्कीइंगसारखी डावी-उजवी हालचाल करायला लावणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, ‘बाहेरच्या पायावर जोर द्या.’ काहींना सांगितलं, ‘बाहेरच्या चाकांवर जोर द्या.’ चाकं पायांच्या बरोबर खालीच होती, म्हणजे सूचनांमधला फरक काही सेंटिमीटरांचाच. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. नंतर अनेक खेळांत आणि हालचालींत असंच दिसत आलं. याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं, की आपल्या अवयवावर जाणीवपूर्वक लक्ष गेलं, की जी यंत्रणा आपोआप चालत होती तिच्यात आपणच हात घालतो आणि हालचाल अडखळते. २००४ मध्ये दंडाच्या व्यायामावर, बायसेप कर्लवर, हेच पाहिलं गेलं. दंडाऐवजी बारच्या हालचालीवर लक्ष ठेवलं, तेव्हा तेच काम स्नायूंच्या कमी विद्युत हालचालीत झालं.

जिममधला शेजारी काय म्हणतो? ‘कोपर आत घ्या.’ ‘पाठ सरळ.’ ‘गुडघा बाहेर.’ त्याचं जवळजवळ प्रत्येक वाक्य अवयवाबद्दल असतं. जाणता प्रशिक्षक हीच गोष्ट ‘जमीन खाली ढकला’ किंवा ‘बार सरळ रेषेत छताकडे न्या’ अशी सांगतो, आणि शरीर बाकीचं जुळवून घेतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. स्नायू कमी राबणं उचलण्याच्या ताकदीसाठी चांगलं, पण ज्याला दंड मोठे करायचे आहेत त्याच्यासाठी? ब्रॅड शोनफेल्ड यांच्या गटाने २०१८ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या ३० तरुणांवर ८ आठवडे प्रयोग केला. प्रत्येक वेळी ‘स्नायू आवळा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांच्या दंडाच्या पुढच्या स्नायूंची जाडी १२.४ टक्क्यांनी वाढली. ‘वजन वर न्या’ असं ज्यांना सांगितलं, त्यांची ६.९ टक्क्यांनी. मांडीत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे सूचना योग्य की अयोग्य, हे त्या माणसाला काय साधायचंय यावर ठरतं. आणि ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. कॅरोली विन्स्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं, की हाताची विशिष्ट हालचाल शिकताना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला गेलेल्यांपेक्षा निम्म्या वेळाच सांगितला गेलेल्यांना ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली जमली. मधल्या मोकळ्या प्रयत्नांत शिकणारा स्वतःच्या शरीराकडून येणारी खबर वाचायला शिकतो. सतत बाहेरून सांगितलं गेलं, तर ही खबर वाचायची गरजच त्याला पडत नाही. २००२ मध्ये सुझेट चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ यांना आणखी एक गोष्ट आढळली. निकाल कधी ऐकायचा हे शिकणाऱ्यावरच सोडलं, तर तो बहुतेक वेळा प्रयत्न बरा झाला असं वाटल्यावर विचारतो. शेजारचा सल्ला बरोबर उलट्या वेळी येतो, बार डगमगला की. मागून घेतलेल्या माहितीने शिकणं पुष्कळ सुधारतं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०२२ मध्ये ब्रॅड मकाय आणि सहकाऱ्यांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि छापून न आलेल्या अपयशांचा हिशेब धरल्यावर हा फायदा जवळजवळ उरत नाही, असं दाखवलं. त्यामुळे मागितलेल्या सल्ल्यात काही जादू असते, असा दावा मी करणार नाही. माणसाला ऐकायचं कधी असतं, एवढंच मी यातून घेतो.

ऐकायचं नसताना सांगितलं तर काय होतं, याला मानसशास्त्रात जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये सिद्धान्ताचं रूप दिलं. आपलं स्वातंत्र्य कुणी आवळतंय असं वाटलं, की माणूस ते परत मिळवायला निघतो, आणि योग्य गोष्टही मुद्दाम टाळतो. स्त्रियांच्या बाबतीत हे आवळणं फार रोजचं आहे. जिममध्ये जाणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवांवर २०२५ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पुरुषांकडून होणाऱ्या न मागितलेल्या टिप्पण्यांचा उल्लेख वारंवार येतो. वजनांच्या बाजूला पाऊल टाकायलाच जिला धीर गोळा करावा लागला, तिला पहिल्या दहा मिनिटांत तीन जण दुरुस्त करायला आले, तर ती पुन्हा ट्रेडमिलकडेच जाईल. आणि हाडं मजबूत राहावीत म्हणून वजनांची गरज तिलाच जास्त आहे.

सल्ल्याने ज्याचं खात्रीने काहीतरी होतं, तो बहुधा देणाराच. लॉरेन एस्क्रेस-विंक्लर यांच्या गटाने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास २ हजार शाळकरी मुलांपैकी काहींना लहान मुलांसाठी अभ्यासाचा सल्ला द्यायला सांगितलं. सल्ला देणाऱ्यांचेच गुण त्या सत्रात थोडे वाढले. बोलून आपली समज पक्की होते, उमेद वाढते. जिममध्ये सांगावंसं वाटतं, त्यात हा आनंद असतो आणि तो खराही असतो.

तालमीत वस्ताद सांगायचे आणि सगळे ऐकायचे, मग आताच असं काय झालं, असं काही जण विचारतात. फरक माहितीचा आहे आणि संमतीचा. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात रुजलेल्या तालमींत पठ्ठा राहायला येतो. तो काय खातो, किती झोपतो, कुठला खांदा दुखवून आलाय, हे वस्तादांच्या रोजच्या नजरेखाली असतं. त्यांच्या हाताखाली येतानाच त्याने त्यांना बोलायचा अधिकार दिलेला असतो. शेजारच्या बेंचवरच्या माणसाकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे तीस सेकंदांचं निरीक्षण असतं.

मदतीची दुसरी रीत आहे. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जी मदत घेणाऱ्याच्या लक्षातही आली नाही, तिने त्यांची उदासी वाढू दिली नाही. जी मदत मदत म्हणून कळली, तिने तसा दिलासा दिला नाही. जिममध्ये याचं रूप सोपं आहे. रॅकवरच्या प्लेट जागच्या जागी ठेवणं, बेंच मोकळा करून देणं, स्वतःचा सेट नीट करणं, कारण नवखा माणूस बघून बरंच शिकतो. आणि जड सेटच्या आधी फार तर दोन शब्द, ‘स्पॉट देऊ?’, म्हणजे बार सांभाळायला जवळ उभा राहू का. नको म्हटलं तर नको.

काही प्रसंगी मात्र थांबायचं नसतं. अमेरिकेत १९९० ते २००७ या काळात वजनांच्या व्यायामातल्या सुमारे ९ लाख ७० हजार दुखापती तातडीच्या विभागांत आल्या, असा अंदाज केर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. त्यांत सगळ्यात जास्त, ६५ टक्क्यांहून अधिक, अंगावर वजन पडल्याने झालेल्या होत्या. म्हणजे खरी जोखीम सुटलेल्या क्लिपमध्ये, एकाच बाजूच्या प्लेट काढल्याने उलटणाऱ्या बारमध्ये आणि एकट्याने केलेल्या बेंच प्रेसमध्ये जास्त आहे. छातीवर अडकलेला बार दिसला तर विचारत बसायचं नाही.

उन्हाळा हा दुसरा प्रसंग. मे-जूनमध्ये जयपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि विदर्भातही तेच. पत्र्याखालच्या किंवा एसी बंद पडलेल्या जिममध्ये जोरात व्यायाम करणाऱ्याच्या शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं, तर सगळ्यात आधी मेंदू बिघडतो. माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, आणि ‘मी ठीक आहे’ म्हणतो. त्याच्या या उत्तराला अर्थ नसतो, कारण उत्तर देणारा मेंदूच तापलेला असतो. त्याला आडवं करायचं, १०८ ला फोन लावायचा आणि मदत यायची वाट न पाहता हाताशी असेल तितकं थंड पाणी आणि बर्फ डोक्यापासून पायापर्यंत लावत राहायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झालं, तर बहुतेक जण वाचतात.