दोन त्रिकोण जोडा आणि नाचवून दाखवा

टोटबॅगवर वारली, मोबाइल कव्हरवर वारली, फेस्टिव्हल जवळ आला की कँटीनच्या भिंतीवरही वारली. पालघर जिल्ह्यात राहता म्हटल्यावर हे चित्र इतकं सवयीचं झालंय की त्याकडे कुणी नीट बघतच नाही. आज बघूया. बिंदू, रेषा, आकार, पोत, रंग, अवकाश हे चित्राचे मूलघटक शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी फळ्यावर लिहून दिले असतील, तर ते प्रत्यक्षात कसे काम करतात ते इथे लख्ख दिसतं.

सुरुवात माणसापासून. दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरचा उलटा म्हणजे छाती, खालचा म्हणजे कंबर. डोक्याला गोल, हातापायांना रेषा. झालं! पण खरी गंमत त्या सांध्यात आहे. दोन्ही त्रिकोण एका बिंदूवर तोललेले, त्यामुळे वरचा जरा पुढे कलला की बाई भात लावायला वाकते, मागे कलला की गडी नाचायला लागतो. चेहऱ्यावर नाक-डोळे नसले तरी काही अडत नाही. बाजारातल्या छापील वारलीत नेमकं हेच हरवतं. सगळी माणसं रबरी शिक्का मारल्यासारखी ताठ! आकार बरोबर, हालचाल शून्य.

रंग एकच. तांदळाच्या पिठाचा पांढरा, त्यात पाणी आणि डिंक, कुंचल्याऐवजी बांबूची काडी. मागे गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत. मग गडद-फिकट आणायचं कसं? रेषा दाट-विरळ करून. जिव्या सोमा म्हसे यांची मासे पकडायच्या जाळ्याची चित्रं शोधून बघा. नवापूरच्या किनाऱ्यावर जाळी जवळून बघितलेल्यांना तर ती जास्तच कळतील. बारीक रेषांनी अख्खा कॅनव्हास विणलेला. दुरून नुसता पोत दिसतो, जवळ गेलात की प्रत्येक रेषा सुटी होते.

म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. मुळात लग्नातला चौक लिहायचा मान सुवासिनींचा. सत्तरच्या दशकात म्हसे लग्नाबिग्नाचं निमित्त न ठेवता रोज चित्रं काढायला लागले आणि 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनात पोहोचले. 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. तिकडे जर्मनीत कँडिन्स्कीने बिंदू आणि रेषेवर 1926 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या सुवासिनींनी पुस्तक लिहिलं नाही, भिंती लिहिल्या.

अवकाशाचा हिशोबही वेगळाच. क्षितिजाची रेषा नाही, लांबचं लहान असा नियम नाही. घर समोरून दिसतं आणि त्याच चित्रात खळं वरून. तारपा नाच बघा, वाजवणारा मध्ये आणि माणसांची साखळी त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखी उलगडत जाते. एका वळणदार रेषेत अख्खा पाडा!

वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी तुमच्या बॅगवरच्या छापाखाली कुणाचं नाव आहे का, एकदा उलटून बघा. आणि यंदा कँटीनची भिंत रंगवायची असेल तर स्टेन्सिल राहू द्या. डहाणू-तलासरीकडे हात बसलेले कलाकार आहेत. रीतसर मानधन देऊन बोलवा, शेजारी उभे राहा आणि बघा, ते पहिला त्रिकोण कुठे ठेवतात.