गिझरला मोबाईलचा स्विच : कारागिरांनी काय तपासावे?

नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा या भागात हिवाळ्यात पूर्वी तांब्याचा बंब पेटत असे. आता बऱ्याच घरांत गिझर आला आहे. फजरच्या वुजूसाठी पाणी तयार मिळावे, म्हणून अंथरुणातूनच मोबाईलवर गिझर सुरू व्हावा, अशी सोय आता करता येते. वाय-फायवर चालणारा स्विच हे काम करतो. वायरमन बंधू आणि इलेक्ट्रिकल दुकानदारांसाठी ही रोजीची चांगली संधी आहे. मात्र दिव्या-पंख्यासाठीचा स्विच गिझरला जोडला, तर आग लागू शकते.

भाराचा हिशोब

230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, तर 3000 वॅटचा 13 अँपिअर. बाजारात सर्रास मिळणारी छोटी मॉड्यूल 10 अँपिअरची असतात. 3000 वॅटला ती चालणारच नाहीत. 2000 वॅटला कागदावर चालतात, पण रोज सलग भार पडला आणि स्क्रू थोडा जरी सैल असला, तरी टर्मिनल तापून प्लॅस्टिक वितळते. कधी आतल्या रिलेचे पॉइंट चिकटतात. मग मोबाईलवर 'बंद' दिसते आणि गिझर मात्र चालूच राहतो.

मोटारीचा धडा

यावरचा उपाय आपल्या शेतकरी बंधूंना नवा नाही. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून शेतातील पंप चालविणारे 'नॅनो गणेश' हे यंत्र तयार केले. त्याला 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. अशा यंत्रातून मोटारीचा भार वाहत नाही. यंत्र फक्त इशारा देते, भार स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर वाहतो. गिझरलाही तसेच करावे. मॉड्यूलने कॉन्टॅक्टरच्या कॉइललाच वीज द्यावी. कॉन्टॅक्टर 25 अँपिअरचा, दोन पोलचा घ्यावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

जोडणी करताना

गिझरची लाइन बोर्डापासून वेगळी काढावी. तिला 16 अँपिअरची एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावावी. तांब्याची तार 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. 3000 वॅटला 4 ची उत्तम. अर्थिंग तपासल्याशिवाय काम सुरू करू नये. मॉड्यूल व कॉन्टॅक्टरची पेटी न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी बसवावी. घरातील वडीलधाऱ्यांसाठी हाताने बंद करण्याचा स्विचही जवळ असू द्यावा.

गिझरचा थर्मोस्टॅट, कट-आउट किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून कधीही डायरेक्ट जोडणी करू नये. वायरलेस स्विच ही जास्तीची सोय आहे, या संरक्षणाला पर्याय नाही. पाण्यात बुडवायच्या हिटर रॉडला तर असा स्विच मुळीच लावू नये. बादली रिकामी असताना तो दुरून सुरू झाला, तर अनर्थ होईल.

वेळेची मर्यादा

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 0.7 युनिट वीज लागते. 2000 वॅटच्या गिझरला त्यासाठी 21-22 मिनिटे पुरतात. म्हणून मॉड्यूलमध्येच 30 मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ भरून द्यावी. ही वेळ मॉड्यूलच्या आत साठणारी हवी, म्हणजे इंटरनेट गेले तरी गिझर बंद होईल. वीज जाऊन परत आल्यावर स्विच 'बंद'च राहील, अशीही सेटिंग करावी. अंघोळीला शिरण्यापूर्वी गिझर बंद करण्याची सवय घरच्यांना लावावी.

काम संपल्यावर अर्धा तास गिझर चालवून पाहावा. नंतर एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून टर्मिनल पाहावेत. कुठे तापल्याची खूण असेल, तर स्क्रू पुन्हा आवळावेत. बिलावर मॉड्यूल, कॉन्टॅक्टर आणि एमसीबीचे अँपिअर लिहून द्यावेत.

असे काम परवानाधारक वायरमननेच करावे. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये दीनी तालिमेबरोबर आयटीआयचेही शिक्षण मिळते. तरुणांनी असे शिक्षण घेऊन रीतसर परवाना काढावा.

पेटीच्या आत काय बसविले, हे ग्राहक उघडून पाहत नाही. त्याने आपल्यावर भरवसा ठेवलेला असतो. कॉन्टॅक्टरचे थोडे पैसे वाचविण्यासाठी एखाद्याच्या घरातील जीव धोक्यात घालणे ही त्या अमानतीत खयानत होय.