शेतकरी कामगार पक्ष : आघाडीचे राजकारण आणि छोट्या पक्षाचे बळ

महाराष्ट्रातील डाव्या राजकारणात शेतकरी कामगार पक्षाला, म्हणजेच ‘शेकाप’ला, स्वतंत्र स्थान आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी बहुजन समाजातील नेत्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधूनच उभ्या केलेल्या या पक्षाने १९५० मध्ये दाभाडी येथे संमत केलेल्या प्रबंधाद्वारे, म्हणजे वैचारिक भूमिकेच्या मसुद्याद्वारे, मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पुढे जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले, तरी रायगड, सांगोला आणि कंधार-लोहा या पट्ट्यांत पक्षाची पाळेमुळे टिकून राहिली.

एकट्याच्या बळावर सत्ता मिळवणे शक्य नसल्याने आघाड्या ही शेकापची गरज बनली. संयुक्त महाराष्ट्र समितीत तो कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्यासोबत होता. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले, तर १९९९ च्या आघाडी सरकारात गणपतराव देशमुख मंत्री होते. मात्र २००२ मध्ये रायगडमधील राष्ट्रवादी काँग्रेसशी असलेल्या संघर्षातून शेकापने विलासराव देशमुख सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्याच राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांना साथ दिली. छोट्या पक्षाची युती अनेकदा जिल्ह्यातील सत्तास्पर्धेवरच ठरते, हे यातून स्पष्ट होते.

जागावाटप फसले की मित्रपक्षच परस्परांसमोर उभे ठाकतात आणि त्याला ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हटले जाते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत उरणमध्ये शेकाप आणि उद्धव ठाकरे यांची शिवसेना या दोघांचेही उमेदवार रिंगणात राहिले आणि दोघांच्या एकत्रित मतांपेक्षा कमी मते मिळूनही भाजपचा उमेदवार विजयी झाला. सांगोल्यात अशीच लढत होऊनही शेकापने जागा जिंकली, कारण गणपतरावांनी ११ वेळा प्रतिनिधित्व केलेल्या त्या तालुक्यात पक्षाची स्वतःची संघटना शाबूत होती.

या पक्षाची सर्वांत मोलाची कमाई मंत्रिपदांतून आलेली नाही. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात ५ शेतकऱ्यांनी प्राण दिले आणि त्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. आघाडीच्या बैठकीत छोट्या डाव्या पक्षाच्या शब्दाला वजन हवे असेल, तर ते अशा लढ्यांतूनच कमवावे लागेल.